तीन नंबरचा कोपरा

ऑर्व्हिल टेस्डालने रिमोटवर चालणारी गाडी घ्यायचं ठरवलं त्या दिवशी एल्क प्रेअरी गावात दुसरं काहीच घडलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत ही बातमी गावभर झाली. एकसष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं विमा कंपनीसाठी लोकांच्या ठोकलेल्या गाड्या तपासलेला, ल्यूथरन चर्चच्या आवार-समितीचा माजी चिटणीस, आणि आता म्हणे खेळण्यातली गाडी घेणार. 'खेळण्यातली' हा शब्द ऑर्व्हिलला मुळीच खपत नसे. तो भेटेल त्याला थांबवून सांगायचा की हे खऱ्या ट्रकच्या बरोबर एक दशांश आकाराचं यंत्र असतं, त्याला खरे शॉकअप असतात, खरे गिअर असतात आणि ते ताशी तीस मैलांनी पळतं. ऐकणारा मान डोलवायचा, "हो का," म्हणायचा, आणि पुढच्या दुकानात जाऊन सांगायचा की टेस्डालने खेळण्यातली गाडी घ्यायचं नक्की केलंय.

या सगळ्याचं मूळ शनिवारात होतं. निवृत्त झाल्यापासून ऑर्व्हिलचे बाकीचे वार कसेबसे निघून जात, पण शनिवारी त्याच्या घरी त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या, सहा मैत्रिणी गोधड्या शिवायला जमत. जेवणाच्या टेबलावर, सोफ्यावर, जिन्यावर कापडाचे चौकोन पसरलेले असत आणि त्यांच्या मधोमध ऑर्व्हिल कॉफीचा मग घेऊन उभा असे. नुसता उभा राहिला असता तरी त्या बायकांनी चालवून घेतलं असतं. पण जन्मभर नुकसान शोधत फिरलेल्या माणसाला वाकडी शिवण दिसली की राहवत नाही. तिसऱ्या शनिवारी त्याने एका बाईंच्या गोधडीला फूटपट्टी लावून बघितली. त्या बाई हातात कात्री धरून त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि त्या संध्याकाळी मार्लिसने नवऱ्याला समोर बसवलं.

"शनिवारी नऊ ते चार तू या घरात दिसायचं नाहीस," ती म्हणाली. "कुठे जायचं ते तुझं तू बघ. तळं गोठेपर्यंत मुदत. तोवर काही सुचलं नाही तर मी ड्वेनला तुझा होकार कळवते."

ड्वेन क्लुग म्हणजे शेजारी. तळं गोठलं की तो बर्फावर आपली लाकडी खोपटी ओढत नेतो, बर्फाला भोक पाडतो आणि मार्चपर्यंत गळ टाकून बसतो. खोपटी आठ फूट बाय सहा फूट. आत एक शेगडी, गळाला लावायच्या जिवंत चिंगळ्यांची बादली आणि दोन स्टुलं. दुसरं स्टूल ड्वेनच्या मेहुण्याचं होतं, पण त्याने गेल्या वर्षी गुडघ्याचं कारण सांगून अंग काढून घेतलं. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. ड्वेनकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन. ती सांगायला त्याला चार तास लागतात, आणि मधेच मासा लागला तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध माणूस कंटाळून उठून तरी कुठे जाणार? ऑर्व्हिलला त्या स्टुलाची स्वप्नं पडू लागली.

अशा अवस्थेत एका दुपारी दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्याने एक मासिक उघडलं आणि त्यात चिखलातून उसळी घेणाऱ्या छोट्या ट्रकचं चित्र बघितलं. डॉक्टरांनी नंतर रक्तदाब मोजला तो नेहमीपेक्षा चौदा आकडे वर होता. चौकशी केल्यावर कळलं की जिल्ह्याच्या जत्रेच्या मैदानावर, गुरांच्या मोठ्या गोठ्यात, हिवाळाभर दर शनिवारी या गाड्यांच्या शर्यती होतात. वेळ सकाळी नऊ ते चार. ऑर्व्हिल घरी आला तो जवळजवळ धावतच.

आता प्रश्न एवढाच होता की गाडी कोणती घ्यायची. तीन ठिकाणची अंदाजपत्रकं बघितल्याशिवाय या माणसाने आयुष्यात कशावर सही केलेली नव्हती. त्याने रजिस्टर आणलं, रकाने आखले आणि कामाला लागला. सपाट रस्त्यावर पळणाऱ्या बुटक्या गाड्या असतात. दगडांवरून गोगलगायीच्या चालीने चढणाऱ्या असतात. कलिंगडाएवढ्या चाकांचे राक्षसी ट्रक असतात आणि मातीच्या शर्यतीचे चपळ ट्रक असतात. दोन चाकांना जोर की चारही चाकांना, पेट्रोलवर की बॅटरीवर, तयार घ्यायचा की सुटे भाग आणून स्वतः जोडायचा, असे फाटे फुटत गेले आणि रकाने रजिस्टरच्या बाहेर सांडायला लागले. यात सात आठवडे गेले. त्याच्यासारखा सुखी माणूस त्या सात आठवड्यांत जिल्ह्यात दुसरा नसेल. तो पहाटे उठून चित्रं बघायचा आणि नाश्त्याला बसल्यावर आपला आपण हसायचा.

"मला पसंत करायला तुला तीन आठवडे लागले होते," मार्लिस एकदा म्हणाली.

"तेव्हा एवढे प्रकार उपलब्ध नव्हते," ऑर्व्हिल रजिस्टरमधून मान वर न काढता बोलून गेला. पुढचे दोन दिवस त्याला थंड सँडविचवर काढावे लागले.

सल्ल्यांना तर सीमा नव्हती. ड्वेन पानं गोळा करता करता कुंपणावर रेलून म्हणाला की पेट्रोलचा वास येत नाही ती गाडीच नव्हे, पण तुझा वेळ तू फुकट घालवतोयस, तुझं स्टूल मी पुसून ठेवलंय. औषधाच्या दुकानातल्या माणसाने बजावलं की या बॅटऱ्या घरं जाळतात, चार्ज करताना विटांच्या ओट्यावर ठेव आणि शेजारी बसून राहा. दात साफ करणाऱ्या मुलीने दोन्ही हात ऑर्व्हिलच्या तोंडात घालून चारही चाकांना जोर असणाऱ्या ट्रकची थोरवी अर्धा तास सांगितली आणि मग विचारलं, पटतंय ना? ऑर्व्हिलने जो आवाज काढला तो तिने होकार समजून घेतला. न्हाव्याला त्याने मोठ्या हौसेने रजिस्टरच दाखवलं. न्हाव्याने चार पानं उलटली, कात्री दोनदा हवेत चालवली आणि म्हणाला, "असंही करता येतं म्हणा."

ऑर्व्हिलचा चेहरा उतरला. आमच्या भागात कुणी कुणाला तोंडावर 'चुकलास' म्हणत नाही. फार झालं तर 'असंही करता येतं' म्हणतात, आणि त्यापलीकडे शिवी नाही. आमच्या इथे एकाने घराला नवा ओटा बांधला होता. शेजाऱ्याने तो बघून हे तीन शब्द उच्चारले, तर त्याने पुढच्या रविवारी तो ओटा स्वतःच्या हाताने पाडला. ऑर्व्हिलने रजिस्टर मिटलं आणि सरळ या गाड्यांचं दुकान गाठलं.

दुकान बर्नडेट ओलावबाईंचं. गल्ल्यामागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत छोट्या पिशव्यांतून सुटे भाग टांगलेले. ऑर्व्हिल आत शिरला तेव्हा दोन गिऱ्हाइकं तिथे होती, आणि का कोण जाणे, त्याला एकदम स्वतःच्या वयाची लाज वाटली.

"नातवंडासाठी?" बर्नडेटबाईंनी विचारलं.

"हो," ऑर्व्हिल म्हणाला. त्याची एकुलती एक मुलगी सिएटलला दोन मांजरं घेऊन राहते. "नात आहे. आठ वर्षांची."

"हात केवढा आहे तिचा? रिमोट हातात नीट बसायला हवा."

ऑर्व्हिलने गोंधळून स्वतःचा पंजा पुढे केला. बर्नडेटबाईंनी तो नीट निरखला. "अंगाने चांगलीच भरलेली दिसते नात," त्या म्हणाल्या. "घेऊन या तिला शनिवारी गोठ्यावर. तिच्या वयाचे पुष्कळ जण असतात तिथे. एक तर सत्त्याहत्तरचा आहे."

दोन्ही गिऱ्हाइकं सौजन्याने छताकडे बघू लागली. ऑर्व्हिलचे कान लाल झाले, पण त्यानंतर त्याला मोकळं वाटलं. त्याने रजिस्टर उघडून पहिला प्रश्न विचारायला घेतला, तेवढ्यात बाईंनी ते हातानेच मिटवलं. पहिली गाडी मोडतेच, त्या म्हणाल्या, तेव्हा जिचे सुटे भाग माझ्या भिंतीवर आहेत ती घ्या. बाकी सगळं वाचून विसरून जा. एवढं बोलून त्यांनी एक पिवळा ट्रक खाली फरशीवर ठेवला, रिमोट उचलला आणि खटका दाबला. ट्रक किंचाळत दुकानभर पळाला, दारातल्या पायपुसण्यावरून हवेत उडाला, चारही चाकांवर उतरला आणि गर्रकन वळून ऑर्व्हिलच्या बुटांपाशी थांबला. रजिस्टरप्रमाणे पहिला क्रमांक एका करड्या, समजूतदार गाडीचा होता. ऑर्व्हिलने करडी गाडी बघितलीसुद्धा नाही. तो ट्रक छातीशी धरून बाहेर पडला तेव्हा मागून बर्नडेटबाई ओरडून सांगत होत्या, बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट, आधी ट्रक, मग रिमोट. त्याने ते मान डोलावून ऐकलं.

सरावाला जागा हवी. गावात सगळ्यात मोठी सपाट जागा म्हणजे चर्चचं गाड्या लावायचं आवार, आणि त्याला समितीची परवानगी लागते. समिती महिन्यातून एकदा बसते. समितीने त्याला नियम क्रमांक अकरा वाचून दाखवला. आवारात चाकं असलेली खेळणी चालवू नयेत. खाली चिटणीस म्हणून सही होती ऑर्व्हिल टेस्डाल याची. ऑर्व्हिलने ताठ बसून निवेदन केलं की हे खेळणं नाही. समितीने ते मान्य केलं, आणि मग विचारलं की खेळणं नसेल तर ते वाहन झालं, आणि वाहनाचा विमा कुठे आहे? चौतीस वर्षं हाच प्रश्न त्याने दुसऱ्यांना विचारला होता, त्यामुळे उत्तर नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी तिघांची उपसमिती नेमली गेली. उपसमितीने कॉफीच्या दोन किटल्या संपवून ठरवलं की दर गुरुवारी चार ते पाच चालवायला हरकत नाही, मात्र अंत्यविधी असेल तर नाही.

पहिले दोन गुरुवार त्याने ट्रक नुसता कुंपणावर नेऊन आदळला. ट्रक आपल्यापासून दूर जात असतो तोवर डावं ते डावं असतं. तो आपल्याकडे वळला की डावं उजवं होतं, आणि हे डोक्याला पटलं तरी अंगठ्याला पटत नाही. पुढचा दांडा दोनदा मोडला, बर्नडेटबाईंच्या भिंतीवरच्या दोन पिशव्या कमी झाल्या. पण तिसऱ्या गुरुवारी त्याने कुठेही न आदळता आवाराला सलग तीन फेऱ्या मारल्या आणि एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. त्या आनंदाच्या भरात त्याने हातातली वस्तू आधी बंद करावी, म्हणजे मन निर्धास्त, असा विचार करून रिमोट बंद केला.

मालक हरवलेल्या ट्रकने एक क्षण विचार केला आणि पूर्ण वेगाने सुटला. नेमकं त्या दिवशी चर्चच्या तळघरात वर्षातलं लुटफिस्कचं जेवण होतं. दोनशे माणसं त्या थुलथुलीत माशासाठी ताटं घेऊन रांगेत उभी होती आणि उतरत्या वाटेवरचं दार उघडं होतं. ट्रक उतारावरून आत गेला, रांग दुभंगली, वाढणाऱ्या बायका बाकांवर चढल्या आणि ट्रक वितळलेल्या लोण्याच्या टेबलाच्या पायाला जाऊन भिडला. तीन किटल्या लोणी त्याच्या अंगावर आलं. मासा सुखरूप राहिला, याबद्दल नंतर काहींनी हळहळ व्यक्त केली. ऑर्व्हिल धापा टाकत दारात पोचला तेव्हा पाद्री रुमालाने बूट पुसत होते. ते त्याच्याकडे बघून फक्त हसले आणि म्हणाले, "असंही करता येतं, ऑर्व्हिल."

घरी येऊन त्याने दोन दिवस ट्रक धुण्यात घालवले. तरी मोटर तापली की लोण्याचा वास येई. त्यातच थंडी कडाक्याची पडली. ड्वेन रोज तळ्यावर जाऊन बर्फाला गिरमिट लावून बघायचा आणि परत येताना कुंपणावरून जाडी सांगायचा. सोमवारी दोन इंच. गुरुवारी तीन. माणसाला चालायला चार पुरतात. मोसमातली पहिली शर्यत शनिवारी होती.

मार्लिसने मैत्रिणींकडे चौकशी करून सगळं स्पष्ट केलं. गोठ्यातल्या क्लबात जागा चाळीसच, कारण गाड्या दुरुस्त करायची टेबलं तेवढीच आहेत, आणि यंदा एकच रिकामी आहे. नव्या माणसाने पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून यायचं. मतदान वगैरे काही नसतं. दिवस संपताना अध्यक्षीणबाई एकतर जागा देतात, नाहीतर 'येऊन छान वाटलं' म्हणतात, आणि मग माणसाने परत यायचं नसतं. "जागा मिळाली तर उत्तम," मार्लिस म्हणाली. "नाहीतर पुढच्या शनिवारी लोकरीचे दोन मोजे घाल. खोपटीत पाय गारठतात."

अध्यक्षीणबाई म्हणजे रमोना डेक्स. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली ही बाई मागे वळून न बघता मागच्या बाकावरचा दंगा थांबवते. गेली सहा वर्षं मातब्बरांच्या गटात पहिली तीच येते. ऑर्व्हिलने तिच्यासमोर बसून प्रवेशाचा अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला, कलम सातबद्दल तीन शंका विचारल्या आणि चाळीस मिनिटांनी सही केली. तिने त्याच्या ट्रकवर तीन हा आकडा चिकटवला.

गोठ्यात गवताचा, तापलेल्या मोटरींचा आणि तळलेल्या चीजचा असा तिहेरी वास भरून राहिला होता. मधोमध दाबलेल्या मातीचा वळणावळणाचा रस्ता, त्यावर उड्या मारायचे उंचवटे, प्रत्येक वळणावर एकेक आकडा रंगवलेली पालथी बादली. नवशिक्यांची शर्यत दुसरी होती. गडी चार. ऑर्व्हिल लाकडी माच्यावर चढून रिमोट धरून उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडभर हसू होतं. पाच मिनिटांत त्याचा ट्रक सात वेळा उलटला, आणि प्रत्येक वेळी बादलीपाशी उभ्या असलेल्या कुणीतरी धावत येऊन तो सरळ केला. तो चौथा आला, चौघांत, तिसऱ्याच्या दोन फेऱ्या मागे. पण त्याने शर्यत पूर्ण केली होती. माच्यावरून उतरताना त्याला वाटलं की आपण हे चाळीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले.

बाकीचे तीन नवशिके रिमोट ठेवून मातीच्या रस्त्यावर चालत गेले, हे त्याने बघितलं. काहीतरी पडलं असेल, शोधत असतील, असं त्याला वाटलं. विचारावं का? पण अशा गोष्टींत उगाच नाक खुपसणं आमच्याकडे बरं दिसत नाही. शिवाय भूक कडकडून लागली होती. त्याने चीज कर्ड्सचा, म्हणजे तळलेल्या चीजच्या तुकड्यांचा, मोठा पुडा आणि एक काटा घेतला आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून एका अनोळखी बाईला आपली शर्यत पहिल्या वळणापासून सांगायला सुरुवात केली.

तेवढ्यात मातब्बरांची शर्यत सुरू झाली. रमोनाबाईंचा काळा ट्रक सगळ्यांच्या पुढे होता. तो मोठ्या उंचवट्यावरून उडाला आणि तीन नंबरच्या बादलीसमोर उताणा पडला. चाकं वर, गरगर फिरताहेत. बादलीपाशी कुणी नव्हतं.

"तीन नंबर," भोंग्यावर निवेदक म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "तीन नंबर आहेत का इथे?"

ऑर्व्हिलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या जुन्याजाणत्या लोकांच्या शर्यतीतही आपलं नाव निघतंय. त्याने उठून काटा उंच धरला आणि सगळ्या गोठ्याला हलवून दाखवला. दीडशे माणसांनी त्याच्याकडे बघितलं. काहींनी तर, माणूस हात हलवतोय म्हटल्यावर बरं दिसत नाही म्हणून, उलट हात हलवला. काळा ट्रक शर्यत संपेपर्यंत तसाच उताणा राहिला आणि रमोनाबाई शेवटच्या आल्या.

शर्यत संपल्यावर त्या जवळून गेल्या तेव्हा ऑर्व्हिलने सहानुभूतीने म्हटलं की तुमच्या ट्रकचं वाईट झालं, कुणीतरी उचलायला हवा होता. "काही हरकत नाही," रमोनाबाई म्हणाल्या. "खाऊन घ्या निवांत." सत्त्याहत्तरचे गृहस्थ शेजारून जाताना म्हणाले की चीज गरम असतानाच चांगलं लागतं. शेवटी बर्नडेटबाई आल्या आणि त्याच्या बाजूला बसल्या. त्यांनी एक चीजचा तुकडा उचलला, खाल्ला, समोर बघत म्हणाल्या, "आपली शर्यत झाली की बहुतेक लोक आपल्या आकड्याच्या बादलीपाशी जाऊन उभे राहतात. पुढच्या शर्यतीतल्या उलटलेल्या गाड्या सरळ करायला. पण असंही करता येतं."

ऑर्व्हिलने हातातला तुकडा पुड्यात परत ठेवला. सात वेळा त्याचा ट्रक ज्यांनी सरळ केला ती माणसं कुणी पगारी नव्हती. आधीच्या शर्यतीतून उतरून ती तिथे उभी राहिली होती. हा नियम अर्जावर नव्हता, कारण तो लिहून ठेवावा इतका निर्लज्ज माणूस अजून क्लबात आलाच नव्हता. आणि आपण काटा हलवला. त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गाडीत बसून सरळ घरी जावं असंही मनात आलं, पण घरी सहा बायका कात्र्या घेऊन बसल्या होत्या.

दुपारी अंतिम शर्यती होत्या. नवशिक्यांची आधी, लगेच मातब्बरांची, आणि त्यात सकाळी शेवटच्या आलेल्या रमोनाबाई सगळ्यांच्या मागून सुटणार. ऑर्व्हिल माच्यावर उभा राहिला खरा, पण त्याचं लक्ष सगळं तीन नंबरच्या बादलीकडे. आपल्याला उशीर झाला तर? माच्यावरून उतरायला, चालत जायला वेळ लागतो. चौथ्या फेरीला त्याला राहवेना. तो तिसरा चालला होता, आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे होता, आणि तशात त्याने ट्रक कडेला उभा केला, आधी ट्रक बंद केला, मग रिमोट, आणि शर्यत चालू असताना धावत जाऊन तीन नंबरला उभा राहिला. तिथे एक दाढीवाले आधीपासून उभे होते. ते सरकले आणि त्याला अर्धी बादली दिली. उरलेली शर्यत दोघे खांद्याला खांदा लावून उभे राहिले, आणि ज्या नवशिक्याची गाडी तिथे उलटली ती दोघांनी मिळून उचलली.

मग मातब्बर सुटले. खिशात फोन थरथरला. अशा वेळी ड्वेनच असणार, हातात गिरमिट घेऊन. ऑर्व्हिलने खिशाकडे बघितलंही नाही. तो गुडघ्यांत वाकून, हात पुढे करून असा उभा होता की बघणाऱ्याला वाटावं, बादलीतून कोंबडी निसटलीय. दोन ट्रक त्याच्यासमोर उलटले, त्याने ते दोन्ही ट्रक डोळ्याचं पातं लवायच्या आत सरळ केले. तिसरा नुसता अडखळला होता, तोही त्याने सरळ केला. रमोनाबाई एकेकाला मागे टाकत चौथ्या क्रमांकावर आल्या. तिसऱ्यासाठी त्यांनी मोठ्या उंचवट्यावर जोर लावला, काळा ट्रक नको तितका उंच उडाला आणि ऑर्व्हिलपासून दोन हातांवर छपरावर आपटला.

ऑर्व्हिलने उडी घेतली. कॉर्डरॉयची पँट गुडघ्यापासून टरकली. मागून येणारा एक निळा ट्रक ताशी तीस मैलांनी त्याच्या घोट्यावर बसला, आणि चौतीस वर्षांत त्याने तपासलेल्या सगळ्या दाव्यांतल्या सगळ्या लोकांबद्दल त्याला एकाच क्षणी सहानुभूती वाटली. पण काळा ट्रक त्याच्या हातात होता. त्याने तो सरळ केला, तोंड योग्य दिशेला आहे याची खात्री केली, आणि सोडला. तो मातीतून असा सुटला की ऑर्व्हिलच्या तोंडावर चिखलाचा सडा पडला. त्याने चिखल पुसला नाही. तो लंगडत पुन्हा बादलीपाशी जाऊन उभा राहिला, हात पुढे करून, निवेदकाने शर्यत संपल्याचं सांगितल्यावरही दोन मिनिटं तसाच.

रमोनाबाई दुसऱ्या आल्या. लोक आवराआवर करू लागले. ऑर्व्हिलने पिवळा ट्रक खोक्यात ठेवला, टरकलेली पँट हाताने धरली आणि दाराकडे निघाला. 'येऊन छान वाटलं' हे ऐकण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असा त्याचा विचार होता. रमोनाबाई टेबलांच्या रांगेशेवटी हातात चिकटपट्टीचं भेंडोळं घेऊन उभ्या होत्या. प्रत्येक जागेसमोर टेबलाला पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्यावर जाड शाईत नाव होतं. त्यांनी हातभर पट्टी फाडली, त्यावर टेस्डाल असं लिहिलं आणि शेवटच्या जागेवर अंगठ्याने घासून घासून बसवली.

ऑर्व्हिल त्या पट्टीकडे बघत उभा राहिला. त्याला इतका आनंद झाला होता की घोट्याचं दुखणं कुठल्या पायात आहे हेही त्याला सांगता आलं नसतं. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि त्याला सुचलं ते एवढंच.

"निघणार तर नाही ना ही?"

"आधीच्या माणसाची खरवडायला मला सुरी लागली," रमोनाबाई म्हणाल्या. "ॲरिझोनाला राहायला गेला. थंडी सोसत नाही म्हणे." त्यांनी भेंडोळं खिशात घातलं, त्याच्या गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि निघता निघता म्हणाल्या, "खुर्ची आपली आपण आणायची. आणि शनिवारी पँट जरा जाड घाला."